एल्वुडची दाढी आणि माझी फूटपट्टी

बकहॉर्न, मिसूरी
९ मे

तीर्थस्वरूप ओपलमावशी यांच्या सेवेशी,

तुमच्या भाचीच्या नवऱ्याचा, म्हणजे व्हर्लिनचा, साष्टांग नमस्कार. (गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा आठातली दोन अंगं कमी धरावीत. भावना पूर्ण आठांची आहे.) तुमचं खुब्याचं दुखणं कसं आहे? अर्कान्सासची हवा मानवते ना? एक्क्याण्णवाव्या वर्षीसुद्धा तुम्ही सकाळची बिस्किटं स्वतः भाजता हे ऐकून आनंद झाला. सध्या माझ्यावरही तीच पाळी आलेली आहे, कारण नेडीन गेले पाच दिवस माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलते, आणि माझी बिस्किटं तिला गरजेची वाटत नाहीत. परवा तुमचा फोन आला तेव्हा मी नेमका शेडमधून आत येत होतो. "हो ना मावशी, ह्यांना कोण सांगणार!" एवढं वाक्य कानावर पडलं, आणि मला बघताच तिने पावसापाण्याचा विषय काढला. तेव्हा तिची बाजू तुमच्यापर्यंत पोचलेली आहे असं मी धरून चालतो. आता माझी ऐका. अख्ख्या कुटुंबात तुम्ही एकट्याच अशा आहात की आधी सगळं ऐकून घेता आणि मग माणसाला गाढव म्हणता. बाकीचे सुरुवातच तिथून करतात.

तुमचा लाडका भाचा आणि माझा मेहुणा डॉर्सी, त्याची ती दाढी तुम्हाला आठवत असेलच. (त्याच्या हनुवटीवरची नव्हे, ती कधी धड उगवलीच नाही. रानटर्कीच्या छातीतून राठ काळ्या केसांचा जो झुबका लोंबतो, ती दाढी.) मर्ल गॅडीच्या दाण्या-पेंडीच्या दुकानात एक भिंत आहे. आमच्या तालुक्यात कुणी लांब दाढीचा टर्की मारला की ती दाढी काडतुसाच्या पितळी टोपीत बसवून त्या भिंतीवर खिळ्याला टांगतात. सगळ्यात वरच्या खिळ्यावर गेली एकोणीस वर्षं डॉर्सीची सव्वाबारा इंची दाढी लटकते आहे. तिच्या बरोबर खाली माझी, अकरा इंचांची. एकोणीस वर्षं, मावशी! कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलं की आधी मान वर जायची, ते बघायचं, आणि मग पोतं उचलायचं. त्यातून त्या भिंतीचा अधिकृत मोजणीदार मीच. डॉर्सीची दाढीही मीच मोजली होती. कातडीपासून टोकापर्यंत सव्वाबारा भरली म्हणून सव्वाबाराच लिहिली. दातओठ खाऊन लिहिली, पण लिहिली. मला कुणी कंजूष म्हणतं, कुणी कडू म्हणतं, पण व्हर्लिनने पाव इंच इकडचा तिकडे केला असं कुणी म्हणू शकत नाही.

लोकांना वाटतं, दाढी लांब व्हायला काय लागतं, टर्कीने नुसतं म्हातारं व्हायचं. दर एप्रिलमध्ये कुणी ना कुणी ट्रकमधून उतरता उतरताच ओरडतो, "व्हर्लिन, बारा आहे रे, बारा!" मी पट्टी लावतो. साडेनऊ. मग तो रडकुंडीला येतो. ओढून बघ म्हणतो, ओली करून बघ म्हणतो; एकाने तर माझ्या पट्टीवरच संशय घेतला. बावीस वर्षांत चारशेच्या वर दाढ्या मोजल्या मी. वर्षाच्या पोराची बोटभर, दोन वर्षांच्याची आठ-नऊ इंच, चांगल्या थोराडाची दहा. अकरा दिसली की दुकानातले लोक टोप्या काढतात. आणि बारा मी एकदाच पाहिली, ती कुणाची ते वर आलंच आहे. आता ही काही वाढत नाही म्हणून आखूड राहते असं नव्हे. ती जन्मभर वाढते, वर्षाला तीन-चार इंचसुद्धा वाढते. पण या पक्ष्याचे पाय आखूड आणि पान वाढलेलं जमिनीवर. दिवसभर मान खाली घालून पालापाचोळा उकरायचा, आणि दाढी आपली खडीवरून, काट्याकुट्यांतून घासत चाललेली. वरून जेवढी येते तेवढी खालून झिजते. थंडीत तिला बर्फाचे गोळे लटकतात आणि टोक काडीसारखं मोडून पडतं. म्हणजे खरोखर लांब दाढी हवी असेल तर असा टर्की हवा, जो वाकून जेवत नाही आणि थंडीत उघड्यावर झोपत नाही. असला नवाब जंगलात कुठून येणार? डॉर्सीला त्याचा कुठून मिळाला हे कोडं मला एकोणीस वर्षं सुटलेलं नव्हतं. (तो म्हणतो, नशीब लागतं. नशीब! ज्याचा ट्रक तीनदा त्याच ओढ्यात गेला, तो मला नशीब शिकवतो.)

आणि असला नवाब माझ्याच ओसरीवर निघाला. तीन-चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एक लंगडत चालणारा पोरसवदा नर अंगणात आला आणि नेडीनला त्याची दया आली. (मी लंगडतो तेव्हा ती म्हणते, पाय उचलून चाला.) तिला कंबरेतून वाकता येत नाही, आणि जमिनीवर मका टाकला की रकून, ती मांजराएवढी चोरटी जनावरं, फस्त करतात. म्हणून तिने आमच्या जुन्या पत्रपेटीचा खांब आणून ओसरीवर उभा केला, रकूनला चढता येऊ नये म्हणून त्याच्याभोवती शेगडीच्या धुराड्याचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, आणि वर केकचं जुनं भांडं ठोकलं. हे महाशय शेजारच्या बाकावर चढतात, ताठ उभे राहतात आणि भांड्यातला भरडलेला मका पाहुण्यासारखे सावकाश खातात. झोपायला माझी अवजारांची शेड. तिथे ते ट्रॅक्टरच्या सीटच्या बरोबर वरची तुळई धरून बसतात. रोज सकाळी ती सीट मला कशी दिसते हे मी तुमच्या वयाचा मान राखून लिहीत नाही. नेडीनने त्याचं नाव ठेवलं एल्वुड. (कुठला एल्वुड ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याआधी ज्याच्याशी तिचं जवळजवळ ठरलं होतं तो, चर्चमध्ये पियानो वाजवणारा. मी विचारलं, हेच नाव कशाला? म्हणाली, चालण्यात साम्य आहे.) तर या फेब्रुवारीत मी खिडकीशी कॉफी पीत उभा होतो आणि कप तोंडाशी न्यायचाच राहिला. एल्वुड बाकावर उभा होता, आणि दाढी त्याच्या गुडघ्यांच्या खाली उतरली होती. इतकी वर्षं मोजल्यावर डोळ्यांना पट्टी लागत नाही. तेरा होती. तेराच्याही वर होती.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार बंदुकीचाच आला. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, डोंगर चढण्याचा एखाद-दुसराच हंगाम गुडघ्यांत उरला आहे, आणि डॉर्सीच्या वरचा खिळा मला मरायच्या आत हवा होता. दुसरा विचार कायद्याचा आला. दाणा घातलेल्या ठिकाणी टर्की मारता येत नाही, दाण्याचा शेवटचा कण उचलून दहा दिवस जावे लागतात. तरी आपली खात्री करून घ्यावी म्हणून मी वन्यजीव खात्याच्या नव्या बाई, मिस प्रूइट, यांना भेटायला गेलो आणि म्हटलं, माझा एक मित्र आहे, त्याची बायको ओसरीवर थोडासा मका ठेवते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नियम समजावला, मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मित्राला सांगा, त्याच्या बायकोचा मला गेल्या गुरुवारीच फोन येऊन गेला. मका एक दिवससुद्धा चुकणार नाही म्हणाली." घरी आलो तर नेडीन भांडं भरत होती. तिने मक्याचा डबा माझ्या हातात दिला आणि मी तो धरून उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं समजतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तरीही मी मागच्या डोंगरापलीकडे पार दूर जाऊन बसलो. (एल्वुडसाठी नाही. दुसरा एखादा मिळाला तर.) अंगात पानापानांचे कपडे, तोंडाला काळं-हिरवं फासलेलं, हातात मादीचा आवाज काढायची लाकडी डबी. असा मी अर्धा तास त्या डबीतून लाडे लाडे बोलवत होतो, तर समोरच्या झाडीतून कोण आलं? एल्वुड! मला बघून तो थबकला नाही, घाबरला नाही, की मी झुडूप असल्याचा त्याचा क्षणभरही समज झाला नाही. सरळ चालत आला, माझ्या शर्टाचं बटण टोचून पाहिलं, खिशात मका आहे का ते पाहिलं, आणि नाही असं कळल्यावर माझ्या बुटाला टेकून बसला. मी त्याला हाकललं, शिव्या दिल्या, टोपी फेकून मारली. टोपीवरही बसून पाहिलं त्याने. त्या भागातल्या यच्चयावत टर्कींनी आम्हा दोघांना असं शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं असेल. शेवटी मी उठलो आणि तो माझ्या मागोमाग घरी आला. वाटेत मला कळून चुकलं की कायदा बाजूला ठेवला, नेडीन बाजूला ठेवली, तरी हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. हे डॉर्सीला सांगू नका.

डॉर्सीचं मात्र तसं नव्हतं. तो त्या रविवारी जेवायला आला, खिडकीतून त्याला एल्वुड दिसला, आणि त्या क्षणापासून त्याची नजर तिथून हलली नाही. रुबार्बचा पाय, म्हणजे नेडीनच्या हातचं ते गोड पक्वान्न, दुसऱ्यांदा मागितलं नाही. (तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता, तेव्हा प्रकरण किती गंभीर होतं ते समजेल.) दुसऱ्या दिवसापासून त्याचा ट्रक आमच्या कुंपणाबाहेर दिसायला लागला. दाण्याचा नियम त्यालाही लागू आहे, पण डॉर्सी आणि नियम यांची ओळख जुजबीच. मला झोप लागेना. मग एके दिवशी दाढी करताना सुचलं की भिंतीचे नियम मीच लिहिलेत आणि त्यांत टर्की मेलेला असावा असं कुठेही म्हटलेलं नाही! (म्हणायचं राहून गेलं होतं. कुणाच्या डोक्यात येतं?) जिवंत पक्षी मोजायचा, दोन साक्षीदार ठेवायचे, फोटो काढायचा, आणि तो फोटो वरच्या खिळ्याला. एल्वुड जिवंत, नेडीन खूश, मी सगळ्यांत वर. शिवाय एकदा त्याची नोंद झाली की डॉर्सीला तो मारून काही मिळणार नव्हतं, पहिला मान माझाच राहणार होता. मर्लने होकारार्थी मान डोलावली. साक्षीला मर्ल आणि खुद्द डॉर्सी, रविवारी चर्च सुटल्यावर.

शनिवारी संध्याकाळी मी त्या खांबाच्या पत्र्यावर माझी दीड फुटी फूटपट्टी लावली, कारण एल्वुड खायला उभा राहिला की दाढी बरोबर खांबाला लागून लोंबते. नेडीन म्हणाली, तारेने बांधा. मी म्हटलं, तार सरकते. मोजमाप म्हणजे मोजमाप. स्वयंपाकघरातल्या फरशीचा काळा गोंद डबाभर उरला होता, तो सढळ हाताने लावला. डब्यावर लिहिलं होतं चोवीस तास, थंडी असल्यास जास्त. शनिवारी रात्री थंडी होती. पट्टीच्या कडेने गोंद थोडा बाहेर आला होता, पण मी म्हटलं, माणूस थोडाच चिकटवायचा आहे! रविवारी दुपारी आम्ही तिघे म्हातारे स्वयंपाकघराच्या खिडकीला नाकं लावून उभे. एल्वुड बाकावर चढला. दाढी पट्टीवर अशी सरळ पडली, जणू शिंप्यानेच धरली आहे. डॉर्सीने स्वतः वाचलं, "साडेतेराला एक रेघ कमी," आणि त्याचा आवाज, मावशी, मी विसरणार नाही. एकोणीस वर्षं मी त्याच आवाजाची वाट बघत होतो. मर्ल फोन काढून स्वतःच्याच कानाचे फोटो काढत होता. इतक्यात डॉर्सीचं कोपर लागून चुलीवरचा ग्रेव्हीचा लोखंडी तवा खाली आला. (चुकून, म्हणतो.) तो आवाज ऐकून एल्वुड उडाला. एल्वुड उडाला, दाढी उडाली नाही. क्षणभर पक्षी हवेत, खांब त्याच्या छातीला, भांडं त्याच्या डोक्यावर आणि मका सगळीकडे. मग टर्रकन आवाज झाला, खांब पडला आणि एल्वुड शेडकडे पळाला. आम्ही जाऊन पाहिलं. पट्टीवर साडेनऊच्या रेघेपासून खालचे सगळे केस जागच्या जागी, एका रांगेत, व्यवस्थित चिकटलेले होते.

डॉर्सी म्हणाला, "मोज." नेडीनने एल्वुडला टॉवेलात धरला आणि मी मोजली. कातडीपासून टोकापर्यंत, पक्ष्याच्या अंगावर असेल तेवढीच. नियम तिसरा, लिहिणारा मी. साडेनऊ इंच. पट्टीवरचे चार इंच त्यात धरता येतील का, असं मी मर्लला अगदी सहज विचारलं. त्याने आठवण करून दिली की सात वर्षांपूर्वी क्लेटस बार्नेलने तुटलेलं टोक पाकिटात घालून आणलं होतं आणि मी त्याला भर दुकानात हसलो होतो. हसलो होतो. तुमचा भाचा जाताना रुबार्बचा पाय दोनदा मागून खाऊन गेला.

गेल्या पाच दिवसांची हकिगत एवढीच की कुंपणाबाहेर आता कुणाचाही ट्रक नसतो. साडेनऊ इंचाला या तालुक्यात कुणी कुत्रंसुद्धा विचारत नाही. नेडीन रोज त्याच्या दाढीला लोणी चोळून उरलेला गोंद काढते आणि मला ऐकू जाईल अशा बेताने त्याला सांगते, "बरं झालं हो बाळा, आता सुखाने जग." माझ्याशी मात्र अबोला, कारण डॉर्सीला बोलावलं मी, गोंद लावला मी, आणि ग्रेव्ही गेली तीही माझ्यामुळेच. तिला जरा समजावून सांगा. तुमचं ती ऐकते. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं, लहानांचे पापे घ्यावेत, आणि खुब्याला जपून असावं.

तुमचा आज्ञाधारक (नेडीनला विचारू नये),
व्हर्लिन

ता.क. १ : लिहिता लिहिता एक किरकोळ काम आठवलं. काल नेडीन मांजराशी बोलताना (म्हणजे मला ऐकवताना) म्हणाली, अशीच दाढी ओपलमावशीच्या टर्कीची, गसची, होती. मावशी कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावर मका ठेवायची आणि तो उभ्याने खायचा. माझ्या हातातला काटा खाली पडला. तुम्ही तेव्हा डॉर्सीच्या शेजारच्या शेतावर राहत होतात. तुमचा गस नाहीसा झाला एकोणीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये. डॉर्सीने त्याचा सव्वाबारावाला मारला त्याच एप्रिलमध्ये, तुमच्या कुंपणापासून चाळीस पावलांवर. आता नियम चौथा पाहा : दाणा घातलेल्या जागेजवळ मारलेला पक्षी भिंतीवर धरला जाणार नाही. (एल्वुडला मी मारणार नव्हतो, नुसता मोजणार होतो.) तेव्हा "त्या वसंतात मी गसला रोज मका घालत होते" एवढ्या दोन ओळी लिहून, खाली सही करून, शक्यतो वकिलासमोर, लगोलग पाठवाव्यात. मला स्वतःसाठी काही नको. प्रश्न फक्त भिंतीच्या अब्रूचा आहे. (डॉर्सीची उतरली की वर कुणाची येते, हा योगायोग समजावा.)

ता.क. २ : हे नेडीनला कळता कामा नये. ब्लॅकबेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या वेगळ्या पाठवत आहे. त्यांचा ता.क. १ शी संबंध नाही.

ता.क. ३ (वेगळ्या पाकिटात, १० मे) : मावशी, कालचं पाकीट अजून आलं नसेल तर आल्यावर फोडू नका, तसंच शेगडीत घाला. फोडलं असेल तर ता.क. १ मध्ये माझी चूक झाली आहे. पोस्टमन पत्र घेऊन गेला आणि मग मला राहवलं नाही, मी नेडीनला सांगून टाकलं. ती खुर्चीवर बसलीच. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी भरपूर बोलली. गस दिसेनासा झाला तेव्हा तुम्ही महिनाभर रोज संध्याकाळी मक्याची वाटी घेऊन कुंपणाशी उभ्या राहायचात, आणि तो नदीपलीकडे गेला, तिकडे त्याला चांगली जागा मिळाली, असं अजूनही दर नाताळच्या कार्डात लिहिता, हे मला माहीत नव्हतं. कार्डं नेडीन वाचते, मी नुसती मांडून ठेवतो. तर तुमचंच बरोबर आहे. डॉर्सीने मारला तो वेगळा. मी मोजला होता ना, मला माहीत असणार; तो तीन वर्षांचा होता, तुमचा गस चांगला थोराड होता. तुम्हाला सही पाठवायची गरज नाही, डॉर्सीची दाढी आहे तिथेच राहील. आणि गस खरोखरच नदीपलीकडे आहे. याच वसंतात मी त्याला अलीकडच्या काठावरून पाहिला, तुम्हाला कळवायचं राहून गेलं. (रानटर्की इतकी वर्षं जगत नाही असं पुस्तकांत लिहितात. पुस्तकं लिहिणारे आमच्या नदीवर कधी आलेले नाहीत.) तब्येत उत्तम होती, बरोबर तीन माद्या होत्या, आणि दाढी जमिनीला टेकत होती. पंधरा इंच. पंधराच्याही वर. लांबून मोजली खरी, पण मोजणारा मी आहे, आणि मी पाव इंचाचीही सूट कुणाला देत नाही हे तालुक्याला ठाऊक आहे. लेखी हवं असेल तर हेच लेखी समजावं, खाली सही करतो.

व्हर्लिन मॅडक्स
अधिकृत मोजणीदार